कुंपणापलीकडची माझी माणसे

मित्रांनो, मी एक जुनी दफनभूमी आहे. घाबरून पान उलटू नका. घाबरायचे काम माझ्याकडे आहे आणि ते मी जन्मापासून इमानेइतबारे करत आले आहे. कबरींच्या जागेत माणसाला भीती वाटते, हे सगळे सांगतात. त्या जागेला स्वतःला काय वाटते, हे मात्र आजवर कोणी विचारलेले नाही. म्हणून मीच सांगायला बसले आहे.

कॅनडात सस्कॅचवानच्या माळावर मी राहते. एके काळी माझ्या शेजारी दोलिना नावाचे गाव होते. दोलिना म्हणजे दरी. जमीन पोळपाटासारखी सपाट आणि गावाचे नाव दरी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली गत. कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याहून आलेल्या युक्रेनी लोकांनी बियाण्याच्या पुरचुंड्या, विळे आणि देवाच्या तसबिरी यांच्याबरोबर मागे राहिलेल्या गावाचे नावही आणले होते. पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत अर्ध्या खणलेल्या, मातीने शाकारलेल्या खोपटांत काढला. तेव्हा मी नुसते गवत होते. मला नाव नव्हते आणि कसली काळजीही नव्हती.

त्या हिवाळ्यात प्रोकिप नावाच्या माणसाची म्हातारी आई, परास्का, वारली. जमीन इतकी गोठलेली होती की कुदळीने ठिणग्या उडत. मग लोकांनी माझ्या अंगावर लाकडे पेटवली. माती जरा मऊ झाली की खणायचे, खाली पुन्हा दगडासारखी लागली की पुन्हा जाळ करायचा. असा चटके देऊन माझा जन्म झाला. परास्काला खाली ठेवले, लोक रडले आणि निघून गेले. एक अनोळखी म्हातारी आता कायमची आपल्या ताब्यात आहे, हे कळून मी पहिल्यांदा घाबरले. तिला थंडी लागली तर काय करायचे, हेसुद्धा मला ठाऊक नव्हते.

हळूहळू मी शिकले. माणसे वाढली, तशा कबरीही वाढल्या. पण ते दिवस वाईट नव्हते. ईस्टरनंतरच्या रविवारी सगळे गाव माझ्याकडे जेवायला येई. हो, जेवायलाच. आमच्या लोकांत त्या दिवशी मेलेल्यांच्या शेजारी बसून जेवतात. गवतावर कापड अंथरून गोड पाव, लसूण घातलेले सॉसेज आणि रंगवलेली अंडी मांडत. एक अंडे आणि पावाचा तुकडा कबरीवर ठेवत, घरच्या दारूचा एक घोट मातीला देत आणि मग गप्पा सुरू होत. कोणाची गाय व्याली, कोणाचे लग्न ठरले, हे सगळे कबरीला सांगत. बर्फावरच्या घसरगाडीतून गावोगाव फिरणारा पाद्री म्हणे, की एवढ्या मुलखात इतकी नीटनेटकी दफनभूमी दुसरी नाही. मी गवताच्या पात्यापात्याने खूश होई.

आणखी एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले. पेटी खाली उतरली की पाद्री फावडे घेतो आणि कबरीच्या चारी बाजूंना त्याच्या पात्याने क्रुसाची खूण करतो. याला कबर मोहोरबंद करणे म्हणतात. देवाची अखेरची हाक येईपर्यंत ही कबर उघडायची नाही, असा त्याचा अर्थ. मोहोर झाली की माणूस सुटला. मोहोर राहिली तर तो अर्ध्या वाटेत अडकला, त्याला झोप नाही आणि तो आजूबाजूच्यांनाही झोपू देणार नाही, असे दोलिनातले सगळे मानत.

पहिले महायुद्ध संपत आले त्या हिवाळ्यात साथीचा ताप आला. एकेका घरातून दोन-दोन पेट्या निघू लागल्या. ताप आतल्या कबरींना लागू नये, अशा काहीतरी समजुतीने लोकांनी ही माणसे माझ्या दक्षिणेच्या टोकाला, जरा बाजूला पुरली. जाळ करायला लाकडे पुरेनात आणि खणायला धडधाकट हात उरले नाहीत. कबरी उथळ झाल्या. पेट्या गोठ्याच्या फळ्यांच्या, कशाबशा ठोकलेल्या. आणि पाद्री आलाच नाही. तो दुसऱ्या गावात त्याच तापाने गेला होता. त्या हिवाळ्यात दक्षिणेच्या पट्टीत एकाही कबरीला मोहोर झाली नाही.

त्या पट्टीत ओरिना नावाची तरुण बाई आहे. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी तिचे तान्हे बाळ गेले. तिच्या नवऱ्याने, दानिलोने, बाळाची पेटी आईच्या पेटीला अगदी चिकटून ठेवली. त्यांची मुलगी तेक्ला तेव्हा सहा वर्षांची होती. मेंढीच्या कातड्यात गुंडाळून तिला घसरगाडीत बसवले होते. ती रडली नाही. ती नुसती बघत होती आणि ते बघणे मला फार जड गेले.

वसंत आला आणि गावात कुजबुज सुरू झाली. कोणाला त्या पट्टीवर उजेड दिसला. कोणाचा कुत्रा तिकडे तोंड करून रडला. एका गायीचे दूध आटले, तेही मोहोर न झालेल्यांच्या माथी मारले गेले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते खोटे नाही. मित्रांनो, मी तिथेच होते. मी तुम्हाला शपथेवर सांगते, त्या बिचाऱ्यांपैकी कोणी साधे कूससुद्धा बदलले नव्हते. पण माझी साक्ष कोण काढणार?

नवा पाद्री येईपर्यंत थांबायला हवे होते. तोवर धीर धरवेना, म्हणून प्रोकिपने गाव जमवले आणि काटेरी तारांचे कुंपण घालायचे ठरवले. तीन बाजूंनी कुंपण नीट माझ्या कडेने आले. दक्षिणेला मात्र त्यांनी ते आत घेतले. तापाची माणसे बाहेर राहिली. खांब ठोकताना ते सरळ धरायला दानिलो उभा होता. बायकोला आणि बाळाला बाहेर ठेवणारे खांब त्याने स्वतःच्या हातांनी धरले. त्याला दुष्ट म्हणू नका. घरी जिवंत लेकरे होती आणि त्यांच्यापायी तो गळाठून गेला होता. काम संपल्यावर त्याने तेक्लाला कुंपणाशी आणले आणि सांगितले, "पलीकडे पाऊल टाकायचं नाही. आई तुझी होती, पण आता ती तुझी राहिली नाही."

त्या दिवसापासून माझ्या जिवाला जो घोर लागला, तो लागलाच. कुंपणाच्या आतले ते माझे, हे सगळ्या जगाला दिसत होते. बाहेरचे कोणाचे? पुढे नवा पाद्री आला, पण आता त्याला सांगायचीही लोकांना लाज वाटू लागली होती. जो तो दुसऱ्याने सांगावे म्हणून थांबला आणि कोणीच सांगितले नाही. मग एका शरदात माळाला आग लागली. आतल्या क्रुसांभोवतीचे गवत कापलेले होते, ते वाचले. पट्टीतले गवत कापायला कोणी जात नव्हते. तिथले लाकडी क्रूस एका दुपारी राख झाले आणि ओळखीची शेवटची खूण गेली.

आणि मग गावच गेले. दोलिना कोणी बुडवली नाही की लुटली नाही. रेल्वेचा रूळ दुसरीकडून गेला, एवढेच झाले. धान्य जिथून गाडीत चढते तिथे दुकान येते, दुकानामागे शाळा येते आणि शाळेमागे माणूस. लोकांनी घरे मोडलीसुद्धा नाहीत. हिवाळ्यात घराखाली ओंडके सरकवले, पुढे घोडे जुंपले आणि अख्खी घरे बर्फावरून ओढत रूळाकडे नेली. माझ्यासमोरून प्रोकिपचे घर गेले, दानिलोचे गेले. धुराडी आणि खिडक्यांचे पडदे जागच्या जागी होते. शेवटी चर्च गेले. मला वाटे, आता माझ्याखालीही ओंडके घालतील. पण मी कशी जाणार? माझी माणसे इथे खोलवर होती.

त्यानंतरची वर्षे मी कशी काढली, ते मलाच ठाऊक. आतले गवत वाढले. जमिनीत राहणाऱ्या खारींनी बिळे पाडली. प्रत्येक बिळाबरोबर माझा जीव टांगणीला लागे, की आता ही कोणाच्या उशाशी जाऊन पोचते. सुरुवातीला ईस्टरनंतरच्या रविवारी गाड्या भरून लोक येत, मग एखादी गाडी येई. दक्षिणेची पट्टी तर फक्त मुलांना दटावण्यापुरती उरली. 'तिकडे जाऊ नका, ते पाय धरतात' असे आज्या सांगत. मुले मोठी झाली, शहरात शिकली आणि असल्या गोष्टींना हसू लागली. मित्रांनो, माझी खरी भीती इथे सुरू होते. ज्या दिवशी त्यांनी भुते खोटी ठरवली, त्याच दिवशी खाली असलेली माणसेही खोटी ठरली. पट्टीत कोणी नाहीच, असे सगळे धरून चालले.

एक तेक्ला तेवढी येत राहिली. ती रूळाकाठच्या गावात सुनेबरोबर राही. म्हातारी झाली, तरी सामान वाहायची जुनाट मोटारगाडी स्वतः हाकत येई. तिचे मोठे रबरी बूट आणि डोक्याचा फुलाफुलांचा रुमाल मी धुळीतूनही ओळखत असे. आत येऊन ती वडिलांच्या, सासूच्या आणि नवऱ्याच्या कबरीवर अंडी ठेवी आणि जेवे. मग एक अंडे घेऊन दक्षिणेच्या कुंपणाशी जाई आणि ते एका खांबाच्या माथ्यावर ठेवी. हात तारेपलीकडे जाणार नाही, याची ती काळजी घेई. दरवर्षी कावळे ते अंडे नेत आणि दरवर्षी ती नवे आणी. आईसाठी आणलेले अंडे इतकी वर्षे आईपासून हाताच्या अंतरावर राहिले.

मग माझ्या भोवतालची जमीन मायरनने घेतली. मायरन प्रोकिपचा नातू, चांगला मेहनती शेतकरी. त्याने घरासारखा उंच ट्रॅक्टर आणला. त्याला माझ्या दक्षिणेच्या कुंपणाशी वळताना अडचण होई, कारण मधली ती पट्टी पडीक होती. एका ईस्टरनंतरच्या रविवारी तेक्ला खांबाशी उभी राहून पुटपुटत होती, तेव्हा तो चालत आला आणि टोपी काढून बाजूला उभा राहिला. तिचे संपल्यावर तो म्हणाला, "आजी, एक सांगायचं होतं. उद्या मी ही पट्टी नांगरायला घेतोय."



तेक्ला म्हणाली, "तिथे माणसं आहेत."

"आमचा आजोबापण तेच सांगायचा. पाय धरतात म्हणे." मायरन हसला, पण वाईट हसला नाही. "शाळेत असताना मी पैज लावून तिथून पळत गेलोय, आजी. हे बघा, दोन्ही पाय शाबूत आहेत."

"पाय धरतात असं मी कुठे म्हटलं? माणसं आहेत म्हटलं. माझी आई आहे."

"मग दाखवा ना. कुठे कोण आहे ते दाखवा, मी नांगर बाजूने नेतो. माझं काय वैर आहे त्यांच्याशी?"

तेक्ला पलीकडच्या गवताकडे बघत राहिली. तिथे उंच वाळके गवत होते आणि वाऱ्याने सगळे एकसारखे वाकत होते. ती हळूच म्हणाली, "मला नाही सांगता येत. मी कधी गेलेच नाही तिकडे."

"कधीच नाही?" मायरनला खरेच नवल वाटले. "आई असून?"

त्याने टोमणा मारला नव्हता, पण ते शब्द तिला बाणासारखे लागले. तेक्लाने सामान गोळा केले आणि गाडी घेऊन निघून गेली. मायरन जाता जाता म्हणाला, की उद्या सकाळी येईन, तोवर काही आठवलं तर सांगा. तो मोकळ्या मनाने बोलला होता. म्हणूनच मी जास्त घाबरले. रागावलेल्या माणसाशी कोणी भांडू शकतो, पण ज्याला काही दिसतच नाही त्याचे काय करायचे? उद्या लोखंडाची पाती येणार, उथळ पुरलेली माझी माणसे वर येणार आणि मला हूं की चूं करता येणार नाही.

आमच्याकडे मे महिन्यातही कधीकधी हिम पडते. त्या रात्री पडले. फार नाही, चाळणीतून पीठ गाळावे इतकेच. सकाळी ढग गेले आणि ऊन आले.

तेक्ला मायरनच्या आधी पोचली. तिने काय केले असेल? गाडी सरळ पट्टीच्या तोंडाशी आडवी लावली आणि हाताची घडी घालून पुढे उभी राहिली. गाडीच्या मागच्या भागात बागेतल्या वाटाण्याच्या वेलांसाठी तोडलेल्या काठ्यांचा भारा तसाच पडला होता. मायरनचा ट्रॅक्टर आला आणि थांबला. त्याने खाली उतरून समजावले, की आजी, कुंपण आमच्या-तुमच्याच लोकांनी घातलंय, त्याबाहेरचं रान कागदोपत्री माझं आहे. तेक्ला म्हणाली, कुंपण भित्र्या लोकांनी घातलंय. तो म्हणाला, मग मी काय करू? ती म्हणाली, मला चिरडून जा. असे काही वेळ चालले. शेवटी तिच्या गाडीला वळसा घालून जावे म्हणून मायरन वैतागून पुन्हा वर चढला.

चढला आणि बसल्या जागी थबकला. यंत्र बंद केले. माळावर एकदम शांतता झाली.

"आजी," तो वरून म्हणाला, आणि त्याचा आवाज बदललेला होता, "तिकडे ओळी दिसतायत."

"कसल्या ओळी?"

"बर्फाच्या. सगळीकडचं वितळलंय आणि तिथे ओळीने पांढरं राहिलंय. एकेक माणसाएवढं."

मित्रांनो, मला किती वर्षे हेच सांगायचे होते. उथळ कबरींमधल्या गोठ्याच्या फळ्या कुजल्या आणि माती हलकेच खाली बसली. जमिनीवर उभे राहिले तर गवतात ते खळगे दिसत नाहीत. पण पातळ हिम पडले की ते त्या खळग्यांत थोडा वेळ टिकते, आणि उंचावरून दिसते. माझ्याजवळ सांगायची एवढीच एक भाषा होती, आणि ती वाचायला आजवर तिथे कोणी इतके उंच चढलेच नव्हते.

 पैज लावून मायरन ज्यांच्यावरून पळाला होता, ते त्याला आता दिसत होते. मग त्याचे लक्ष उन्हाकडे गेले. कडेची एक पांढरी पट्टी त्याच्या देखत निम्मी झाली होती.

"आजी, हे तासाभरात जाईल सगळं. खुणा करायला हव्यात. खाली आलो तर मला दिसत नाही, आणि तुम्हाला वर चढता येणार नाही." तो थांबला. पुढचे त्याला बोलवेना.

बोलायची गरजही नव्हती. काठ्यांचा भारा गाडीत होता. पलीकडे जाणारी एकच व्यक्ती होती. तेक्लाचा चेहरा पांढराफटक पडला. सहाव्या वर्षी कानांत घातलेले शब्द काही कुठे गेले नव्हते.   मला भीती होती की ती मागे फिरेल.

तिने काठ्या काखेत मारल्या आणि पट्टीच्या कडेशी आली. एक बूट उचलला. तो हवेतच राहिला.

मायरनने जरा धीर यावा म्हणून वरून विचारले, "धरलं का कोणी?"

"अजून नाही," तेक्ला दातांवर दात दाबून म्हणाली. "धरलं तर तुझ्या आजोबाचं नाव सांगते. कुंपणाची अक्कल त्याचीच." आणि तिने पाऊल खाली ठेवले.

मग सुरू झाली धावपळ. मायरन वरून सांगे: चार पावलं पुढे, जरा उजवीकडे, थांबा, तुमच्या बुटासमोर. तेक्ला काठी मातीत रोवी, एक उशाशी आणि एक पायथ्याशी. धाप लागे, रुमाल घसरून गळ्यात आला, तिला भान नव्हते. काठ्या कमी पडू लागल्या तशी ती उशाशी एकच रोवू लागली. संपल्या तेव्हा तिने गाडीतली पाचर ठोकली, पाना खोचला, पाव कापायची सुरीसुद्धा उभी केली. भीती गेली होती असे नाही. ओठ सारखे हलत होते. पण भीतीला उभे राहायला तिने जागाच ठेवली नाही.

मधल्या ओळीत मायरन म्हणाला, "डावीकडे, आजी. इथे एक लांब आहे आणि तिला चिकटून एक अगदी आखूड. उशीएवढं."

तेक्ला उभीच राहिली. मग गवतात खाली बसली आणि दोन्ही तळवे त्या पांढऱ्यावर ठेवले. खिशात काल उरलेले एक लाल अंडे होते, ते तिने तिथे ठेवले.

"आई, मी तेक्ला," ती म्हणाली. "भीत होते गं मी. म्हणून नाही आले."

मायरनने तोंड फिरवून डोळे पुसले. त्याला तिला तिथून उठवायचे नव्हते. पण वितळणाऱ्या बर्फाला कोणाची दया येत नाही. टोकाच्या ओळी झपाट्याने आखूड होत होत्या. त्याने अगदी हळू हाक मारली, "आजी, बाकीचे जातायत."

ती आणखी थोडा वेळ बसू शकली असती. एवढ्या वर्षांनी भेटलेल्या आईपाशी बसायचा हक्क तिला नव्हता, असे कोण म्हणेल? पण ती हाताला टेकून उठली. "सांग, कुठे," ती म्हणाली. "त्यापण कोणाच्या तरी आयाच आहेत."

ऊन डोक्यावर यायच्या आत पट्टी पुन्हा गवताच्या रंगाची झाली. काठ्या, पाना, पाचर आणि सुरी यांनी ती भरून गेली होती. मायरन खाली आला, टोपी काढून कडेला उभा राहिला आणि मग नांगर न टेकवता ट्रॅक्टर परत घेऊन गेला.

पुढच्या रविवारी एक तरुण पाद्री आला. त्याने कोणालाही दोष दिला नाही. फावडे घेतले आणि एकेका काठीपाशी जाऊन चारी बाजूंना खूण केली. दुपारपर्यंत तो तेच करत होता. दक्षिणेचे जुने कुंपण मायरनने स्वतः काढले आणि पट्टीच्या पलीकडून नवे घातले. त्या दिवशी तेक्ला आईशेजारी बसून जेवली. मायरन तिच्याबरोबर बसला. तेक्ला आईला खूप काही सांगत होती: लग्न, मुले, सुनेच्या तक्रारी. इतक्या वर्षांचे साठलेले होते. आता तीही तिथेच आहे. आईच्या उजव्या हाताला तिने आपली जागा आधीच सांगून ठेवली होती.

मित्रांनो, इथे गोष्ट संपवली असती तर तुम्हाला बरे वाटले असते. पण मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्या सकाळी सगळे सापडले नाहीत. टोकाच्या ओळीतले तीन जण काठी पोचायच्या आधीच वितळून गेले. पाद्रीने पट्टीभोवती फेरी मारून त्यांच्यासाठीही प्रार्थना केली, पण त्यांच्या कबरीला अजून फावडे लागलेले नाही. मायरन किती वर्षे बर्फ पडले की उंचावर चढून बघत असे. हिवाळ्यातले जाड हिम सगळे एकसारखे करून टाकते, आणि मे महिन्यातले तसे पातळ हिम पुन्हा पडले तेव्हा तो इस्पितळात होता. आता तो म्हातारा झाला आहे आणि त्याची मुले दूरच्या शहरात आहेत. ती तिघे कुठे आहेत, ते फक्त मला ठाऊक आहे. नव्या कुंपणाच्या कोपऱ्यात लोक गाडी लावतात, तेव्हा चाक कुठवर येते ते मी जीव मुठीत धरून बघत असते.

म्हणून माझे एवढे ऐका. तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस एखाद्या जागेकडे बघून गप्प होत असेल, तर त्याला हसू नका. तिथे कोण आहे ते विचारा आणि त्याचा हात धरून तिथवर जा. आणि तुमच्यापैकी कोणी कधी या माळावर आलेच, आणि मे महिन्यात चाळणीतून गाळल्यासारखे हिम पडलेले दिसले, तर झोपून राहू नका. काहीतरी उंच शोधा आणि त्यावर चढा. दक्षिणेच्या टोकाला बघा. तीन पांढऱ्या खुणा दिसतील, त्यांतली एक लहान आहे. काठ्या बरोबर आणा, आणि ऊन चढायच्या आत या.